दोन शाळांचा एक विद्यार्थी



"बाई, एकाच वेळी दोन शाळांत नाव घालता येतं का हो?" आमच्या चौथीतल्या एका मुलाने गणिताच्या तासाला मध्येच विचारलं. सगळा वर्ग खो खो हसला. मला मात्र हसू आलं नाही, कारण माझ्या धाकट्या भावाने अगदी तेच केलं होतं!

अमेरिकेत चार्ल्स नदीच्या काठी केंब्रिज नावाचं शहर आहे. नदीपलीकडे बॉस्टन. या केंब्रिजमध्ये एमआयटी ही जगप्रसिद्ध संस्था आहे. (पुण्यातली एमआयटी वेगळी हं!) तिथे इंजिनिअरिंगचा एक विभाग आणि व्यवस्थापनाचा, म्हणजे मॅनेजमेंटचा, दुसरा. १९८८ साली या दोघांनी मिळून एक अभ्यासक्रम सुरू केला. त्या काळात जपानच्या मोटारी अमेरिकेत धडाधड खपत होत्या आणि अमेरिकेतले कारखाने मागे पडत होते. ज्याला यंत्र कळायचं त्याला हिशेब कळत नसे, आणि हिशेब कळणाऱ्याच्या बुटाला कधी कारखान्यातलं तेल लागलेलं नसे. तेव्हा दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात घालायच्या ठरल्या. शिक्षण दोन वर्षांचं. त्यातले सहा महिने एखाद्या कंपनीत जाऊन तिथला खराखुरा प्रश्न सोडवायचा, त्यावर प्रबंध लिहायचा. शेवटी पदव्या मात्र दोन! सुरुवातीला हा अभ्यासक्रम कारखान्यांपुरता होता. पुढे दवाखाने, गोदामं, घरपोच सामान पोचवणं असं सगळंच त्यात आलं, म्हणून २००९ मध्ये त्याचं नावही बदललं.

भावाला तिथे प्रवेश मिळाला तेव्हा आमच्या घरी पेढे वाटले नाहीत. तो चाकणला एका कारखान्यात चार वर्षं इंजिनिअर होता. पगार वेळेवर येत होता. आई म्हणाली, "इंजिनिअर झालास ना? मग आता दुकानदारी शिकायला सातासमुद्रापार कशाला?" वडील नुसतेच गप्प. कर्जासाठी बँकेला घराची कागदपत्रं हवी होती आणि जामीनही हवा होता. जामीन कोण? तर मी! मी बारावीनंतर डी.एड. करून शिक्षिका झालेली. मला दोन मुलं, माझा पगार ठरलेला. तीन रात्री मला धड झोप लागली नाही.

चौथ्या दिवशी त्याला विचारलं, "तुला नक्की काय कमी आहे रे?"

तो म्हणाला, "ताई, मशीन बिघडलं की मला बोलावतात. पण ते मशीन घ्यायचं की नाही, हे वर केबिनमध्ये ठरतं. तिथे मी तोंड उघडलं की म्हणतात, पैशाचं तुला काय कळतं? आणि खरंच कळत नाही."

हे मला पटलं. मी सही केली.

तिकडून तो फोनवर नवंनवं सांगायचा. त्यातले प्राध्यापक जॉन लिटल मला फार आवडले. हे गृहस्थ शिकले पदार्थविज्ञान आणि शिकवायचे व्यवस्थापनाच्या विभागात! २०२४ साली ते वारले. रांगेचा एक नियम त्यांनी १९६१ मध्ये सिद्ध केला. रांगेत साधारण किती माणसं असतात? तर दर मिनिटाला जेवढी येतात, गुणिले प्रत्येकाला जेवढी मिनिटं थांबावं लागतं. संपलं! चौथीतल्या मुलालाही येईल असा गुणाकार.

सुट्टीत भाऊ गावी आला तेव्हा आमच्या शाळेत खिचडीच्या रांगेपाशी घड्याळ घेऊन उभा राहिला. मावशी मिनिटाला सहा ताटं वाढत होत्या आणि रांगेत कायम अठ्ठेचाळीसच्या आसपास मुलं. म्हणजे प्रत्येक मूल आठ मिनिटं उन्हात! "दुसरं पातेलं ठेवा," भाऊ म्हणाला. मावशींनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "आणि ते उकळतं पातेलं उचलायचं कुणी, दादा? तुम्ही येणार का रोज?" स्वारी गप्प! मग तो मावशींशेजारी बसला, मुख्याध्यापकांशी बोलला, वेळापत्रक मागवलं. शेवटी ठरलं, सगळे वर्ग एकदम सोडायचेच नाहीत. थोड्या थोड्या वेळाने एकेक सोडायचा. रांग बारा मुलांवर आली, थांबणं दोन मिनिटांवर. मावशींचा हात होता तेवढ्याच वेगाने चालत होता. घड्याळ लावून मोजणं हा इंजिनिअरिंगचा भाग झाला. मावशींचं ऐकून घेणं हा दुसऱ्या पदवीचा, असं मी त्याला चिडवते.

अशा शिक्षणासाठी अमेरिकेलाच जायला हवं असं नाही बरं का! मुंबईत पवईला, विहार तलावाजवळ, १९६३ पासून 'नीटी' नावाची संस्था होती. २०२३ मध्ये ती आयआयएम मुंबई झाली. तिथे इंजिनिअर झालेली मुलं कारखान्याचं आणि व्यवहाराचं शिक्षण एकत्र घेत आली आहेत. 'मंडी' नावाच्या उपक्रमात तर ती शैक्षणिक खेळणी घेऊन मुंबईच्या रस्त्यावर विकायला उभी राहत. भावी साहेब फुटपाथवर ओरडून खेळणी विकताहेत, हे चित्र मला तरी फार आवडतं.

आता आईवडिलांसाठी दोन शब्द. दहावीच्या निकालादिवशीच "दोन पदव्या घे" असं मुलाच्या मागे लागू नका. एमआयटीच्या त्या अभ्यासक्रमाला आधी निदान दोन वर्षांचा नोकरीचा अनुभव लागतो. आधी हाताला तेल लागू द्या. आणि कर्ज हे कर्जच असतं, पदव्या दोन असल्या तरी! माझा भाऊ आता चांगल्या नोकरीत आहे, पण हप्ते अजून चालूच आहेत. दर महिन्याच्या पाच तारखेला आई त्याला फोन करते. इकडच्या तिकडच्या गोष्टी करते आणि हळूच विचारते, "भरलास का रे?"

अजून एकदाही तो "नाही" म्हणालेला नाही.