‘छान झालीय’ म्हणू नका

दिवाळीत फराळाचं ताट शेजारी जातं आणि दोन दिवसांनी त्यांच्या फराळासकट परत येतं. सोबत एक ठरलेलं वाक्य येतं, ‘चकल्या काय खुसखुशीत झाल्यात हो!’ चकली मऊ पडलेली असो की तेलाला खवट वास येत असो, वाक्य बदलत नाही. शेजारधर्मासाठी ते योग्यच आहे. मी ज्या मंडळींत उठतो-बसतो तिथेही घरचे जिन्नस असेच एकमेकांकडे जातात, पण तिथे नुसतं ‘छान झालीय’ म्हणणाऱ्याला कुणी पुन्हा विचारत नाही. ही मंडळी घरी बिअर बनवतात, एकमेकांना बाटल्या देतात आणि बदल्यात खरं मत मागतात.

मी पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकलो आणि आता दक्षिण कॅलिफोर्नियात यीस्टच्या एका प्रयोगशाळेत गुणवत्ता तपासणीचं काम करतो. आठवडाभर सूक्ष्मदर्शकाखाली यीस्टच्या पेशी मोजायच्या आणि शनिवारी क्लबात जाऊन त्याच पेशींनी लोकांच्या गॅरेजमध्ये काय प्रताप केले ते हुंगायचं, असा माझा क्रम. ‘बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम’ ही १९८५ साली सुरू झालेली संस्था. सगळे तिला बीजेसीपी म्हणतात. तिची चाखण्याची परीक्षा मी दिली आहे. नव्वद मिनिटांत सहा बिअर चाखून प्रत्येकीवर पानभर लिहायचं असतं. पिण्याची ताकद त्यात काडीचीही कामाला येत नाही. लिहिता येत नसेल तर मात्र दांडी उडते.

अमेरिकेत हा छंद कायदेशीर होऊन फार काळ लोटलेला नाही. १९३३ मध्ये तिथली दारूबंदी उठली तेव्हा घरगुती वाइनला मोकळीक मिळाली, बिअर तेवढी राहून गेली. ती चूक दुरुस्त करणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १४ ऑक्टोबर १९७८ रोजी सही केली आणि पुढच्या फेब्रुवारीपासून तो लागू झाला. एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे साधारण ३८० लिटर, आणि दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घराला २०० गॅलन बिअर बनवता येते. राज्यांचे कायदे वेगळे, त्यामुळे मिसिसिपी आणि अलाबामा या राज्यांत परवानगी मिळायला २०१३ साल उजाडलं. लोक अर्थातच कायद्यासाठी थांबले नव्हते. लॉस एंजेलिसचा ‘माल्टोज फाल्कन्स’ हा देशातला सर्वांत जुना होमब्रूअरांचा क्लब १९७४ सालचा आहे, कार्टरांच्या सहीच्या चार वर्षं आधीचा.

या कायद्यात एक अट आहे: घरची बिअर विकता येत नाही. आणि घरचा नेहमीचा घाणा असतो पाच गॅलनचा, म्हणजे १९ लिटर. ३५५ मिलिलिटरच्या पन्नासेक बाटल्या होतात. एकाच चवीच्या पन्नास बाटल्या कोण पिणार? बाटल्यांची अदलाबदल सुरू झाली ती या साध्या हिशेबातून. सरकारी टपालाने मद्य पाठवायला बंदी आहे आणि मोठ्या कुरियर कंपन्या ते फक्त परवानाधारकांकडून घेतात. म्हणून खरी देवाणघेवाण हातोहात होते, क्लबाच्या बैठकीत, कुणाच्या तरी अंगणात.

देण्याची रीत ठरलेली आहे. साधी तपकिरी बाटली, लेबल खरवडून काढलेलं, पत्र्याच्या बुचावर मार्करने एक आकडा आणि भरल्याची तारीख. बाटलीतला फेस बहुतेक वेळा आतल्या आतच तयार झालेला असतो. भरताना लिटरमागे साताठ ग्रॅमच्या आत साखर घालतात, उरलेलं यीस्ट ती खातं आणि कार्बन डायऑक्साइड कोंडला जातो. तळाशी यीस्टचा थर बसतो, म्हणून बाटली दोन दिवस फ्रिजमध्ये उभी ठेवायची आणि ओतताना शेवटचं बोटभर मागे ठेवायचं. (साखरेचा अंदाज चुकलेल्याची बाटली सिंकमध्येच उघडावी, हे शहाणपण एकदा छत धुतल्यावर येतं.) बाटली देताना ‘यात संत्र्याची साल घातलीय’ वगैरे काही सांगायचं नाही. हा नियम मी सर्वांत कडकपणे पाळायला लावतो.

त्याला कारण आहे. २००१ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वाइनचं शास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना त्यांनी पांढऱ्या वाइनमध्ये बिनवासाचा लाल रंग घालून दिला. विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन करायला लाल वाइनचेच शब्द वापरले. डोळ्यांनी नाकाला शिकवलं. नुसत्या रंगाने इतकं होत असेल, तर ‘संत्र्याची साल’ हे दोन शब्द कानावर पडल्यावर संत्रं न सापडणं जवळपास अशक्यच. बनवणाऱ्याची अवस्था याहून बिकट असते. त्याला कृती पाठ असते, खर्च आठवत असतो, त्यामुळे तो ग्लासात असलेली बिअर पीतच नाही, मनात योजलेली पितो. अनोळखी जीभ हवी ती एवढ्यासाठी.

आता त्या जिभेने बोलायचं काय? बिअरवाल्यांना हा प्रश्न उद्योगाच्या पातळीवर पडला होता. १९७० च्या दशकात मॉर्टेन माइलगार्ड या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने चवी-वासांचं एक चक्र तयार केलं आणि अमेरिका-युरोपातल्या ब्रूअरी रसायनतज्ज्ञांनी ते मान्य केलं. एकाने ‘मक्यासारखा’ म्हटलं तर दुसऱ्याला तोच वास कळावा, एवढाच हेतू. चक्र उत्तम आहे, पण त्यातले शब्द ज्या स्वयंपाकघरांतून आले ती माझी नव्हेत. अभ्यासाला लागलो तेव्हा खरी गंमत इथेच होती.

डायअसेटिलचंच घ्या. अमेरिकन परीक्षक लिहितो, ‘सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नवरचं बटर’. मला तिथे ताक घुसळून वर आलेलं लोणी दिसतं, आणि ते चूक नाही, कारण विरजणातले काही जिवाणूही डायअसेटिल तयार करतात. पंचाईत अशी की आमच्या घरी हा वास सुखाचा. फिक्या, स्वच्छ लागर प्रकारच्या बिअरमध्ये तो दोष मानला जातो हे नाकाला पटवायला मला वेळ लागला. हे द्रव्य येतं कुठून? यीस्ट वाढताना एक पदार्थ बाहेर टाकतं, त्याचं बिअरमध्ये डायअसेटिल होतं आणि मग तेच यीस्ट ते परत शोषून घेतं. घाई करून बिअर लवकर थंड केली की यीस्ट झोपी जातं आणि लोणी मागे राहतं. म्हणून लागर बनवणारे शेवटच्या टप्प्यात तापमान चार-सहा अंशांनी वाढवून दोन-तीन दिवस थांबतात. शिवाय काही माणसांना डायअसेटिलचा वास जवळपास येतच नाही. तुमची बाटली नेमकी अशा माणसाकडे गेली तर शाबासकी मिळेल आणि दोष तसाच राहील. एकाच बिअरच्या बाटल्या निदान तिघांकडे जाव्यात असा माझा आग्रह त्यासाठीच असतो.

अॅसिटाल्डिहाइडसाठी सर्वांचा शब्द ‘हिरवं सफरचंद’. माझ्या लहानपणी बाजारात सफरचंद मिळायचं ते लाल, त्यामुळे या शब्दाने माझ्या डोक्यात काहीच वाजत नसे. मग कुठेतरी वाचलं की काहींना त्यात नुकताच चिरलेला भोपळा जाणवतो. लाल भोपळ्याची फोड विळीवर पडते तेव्हाचा तो ओलसर, कच्चा वास! त्या दिवसापासून हा दोष माझ्या तावडीतून सुटलेला नाही. अर्थ बहुतेक वेळा एकच असतो, बिअर कोवळी आहे, यीस्टचं काम आटपायच्या आत ती बाटलीत भरली गेली. उकडलेल्या कणसाच्या पाण्याचा वास आला तर समजावं की फिक्या माल्टमधलं डायमिथाइल सल्फाइड उडून गेलेलं नाही. उकळताना पातेल्यावर झाकण ठेवलं की ते वाफेबरोबर बाहेर पडण्याऐवजी परत आत पडतं. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे हवा लागली.

माझा सर्वांत लाडका शब्द मात्र डेटॉल. आमच्या क्लबात अग्निशमन दलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर ते हौसेने बनवत. या बिअरमध्ये यीस्टच लवंगेचा आणि केळ्याचा वास आणतं, तो असायलाच हवा. त्यांच्या बाटलीत लवंग जरा जास्तच होती आणि सगळे, ते स्वतःसुद्धा, खूश होते. पुढे त्यांनी इंग्लिश पद्धतीची बिटर आणली. तिच्यात लवंगेचं काही काम नव्हतं, तरी काहीतरी होतं. दोघांनी कागदावर लिहिलं ‘बँड-एड’. मी लिहिलं डेटॉल. त्यांना डेटॉल माहीत नव्हतं, म्हणून घरची बाटली नेऊन हुंगायला दिली. डेटॉलमधला मुख्य जंतुनाशक घटक क्लोरोझायलेनॉल हा क्लोरीन जोडलेला फिनॉलच आहे, आणि बिअरमधला हा दोषही क्लोरोफिनॉलांचाच. अब्जात काही भाग एवढ्या अल्प प्रमाणातही तो नाकाला कळतो.

मग मुळाशी जाणं सोपं झालं. त्यांच्या शहराच्या नळाला येणाऱ्या पाण्यात क्लोरामाइन असतं. साधं क्लोरीन उकळून किंवा रात्रभर ठेवून निघून जातं, क्लोरामाइन तसं सहजी जात नाही. उपाय काही पैशांचा आहे. पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची एक गोळी ७५ लिटर पाण्याला पुरते. गव्हाच्या बिअरच्या पुढच्या घाण्यात डेटॉल गेलं आणि लवंग राहिली, आता ती बेताची होती. त्यांच्या प्रत्येक बिअरला तेच पाणी होतं, त्यामुळे नाकाला तो वास आता वेगळा म्हणून जाणवत नव्हता. घरातल्या घरात ही गोष्ट त्यांना कधीच सापडली नसती.

या प्रसंगात कामं कशी वाटली गेली ते पाहण्यासारखं आहे. चाखणाऱ्यांनी फक्त वास सांगितला, कारण बनवणाऱ्याने शोधलं. बहुतेक अभिप्राय बिघडतात ते नेमके इथे. चार पुस्तकं वाचलेला परीक्षक पहिल्या घोटालाच लिहून टाकतो, ‘तुमचं आंबवण्याचं तापमान जास्त होतं’. तुला कसं माहीत? तू तिथे होतास का? ‘पिकलेल्या केळ्याचा वास, त्यामागे थोडं नेलपॉलिश’ एवढं लिही. तापमानाची वही त्याच्याकडे आहे, तो पडताळून बघेल. घेणाऱ्यानेही आपली बाजू मांडत बसू नये. ‘नाही, मी तर सगळं नीट धुतलं होतं’ हे वाक्य निघालं की समोरचा पुढच्या वेळी मवाळ होतो आणि अभिप्रायाचा निकाल लागतो.

गुणांबद्दल माझं मत क्लबात फारसं कुणाला आवडत नाही. बीजेसीपीचा कागद पन्नास गुणांचा: वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकूण प्रभावाला १०. स्पर्धेत निकाल लावायचा असतो, तिथे गुण हवेतच. मित्रांच्या अदलाबदलीत मात्र ते नुसता घोळ घालतात. चौतीस गुण मिळालेला माणूस सदतीसवाल्याकडे बघत बसतो आणि ‘शेवटी घशाशी कोरडा तुरटपणा राहतो, कच्च्या सुपारीसारखा’ ही खरी मोलाची ओळ वाचायची राहून जाते. मी मित्रांच्या कागदावर आकडा लिहीत नाही.

आणि तारीख बघा. आजकालच्या धुरकट, फळांच्या वासाच्या आयपीए प्रकारच्या बिअरला हवा सोसवत नाही. काही आठवड्यांत तिचा पिवळा रंग करडा पडू लागतो आणि आंबा-अननसाचा वास विरतो. तीन महिने कपाटात ठेवून मग ‘पुठ्ठा’ लिहिणाऱ्याने बनवणाऱ्याचा नव्हे, स्वतःच्या कपाटाचा अभिप्राय दिलेला असतो.

भारतात आलो की हमखास कुणीतरी घरी करण्याची कृती मागतं. ती मी देत नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर बनवणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, घरात आणि स्वतःपुरती असली तरी. पण चाखून नेमकं बोलायला परवाना लागत नाही. २००९ मध्ये पुण्यात ‘डूलाली’ सुरू झाली, ती राज्यातली पहिली मायक्रोब्रूअरी. आता पुण्या-मुंबईत अशा अनेक जागा आहेत आणि टाकीमागे उभा असलेला ब्रूअर बरेचदा तिथेच भेटतो. बिअर घेत असाल तर त्याला ‘मस्त’ किंवा ‘बेकार’ म्हणून निघून जाऊ नका. लोणी, भोपळा, कणीस, डेटॉल, जे आलं असेल ते आपल्या शब्दांत सांगा. आणि गच्चीवर बसला असाल तर ग्लास उन्हात होता की सावलीत, तेही सांगा, कारण हॉप्समधल्या कडू द्रव्यांवर ऊन पडलं की काही मिनिटांत बिअरला उग्र गंधकी वास येतो आणि त्यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो.