मंडळाचा कॅमेरा

आपल्या वस्तीत कुणाच्याही घरी जा. समोरच्या भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर असते आणि तिच्या खालच्या बाजूला घरातल्या गेलेल्या माणसांचे फोटो असतात. हे फोटो जरा जवळ जाऊन पाहावेत. अलीकडे गेलेल्यांचे बरेचसे फोटो आधार कार्डावरून मोठे करून घेतलेले दिसतात. चेहरा धुरकट, डोळे घाबरल्यासारखे. जन्मभर राबलेल्या माणसाचा एकही धड फोटो घरात नसतो आणि पुण्यानुमोदनाच्या आदल्या रात्री स्टुडिओकडे धावाधाव होते. त्यांच्या शेजारचे जुने फोटो काळेपांढरे असतात, पण त्यांत सुरकुतीन् सुरकुती स्पष्ट दिसते. पाटण आणि आसपासच्या वाड्यांवरचे असे पुष्कळ फोटो एकाच कॅमेऱ्याने काढलेले आहेत. तो कॅमेरा आज आमच्या मंडळाकडे आहे.

कॅमेरा याशिका मॅट 124 जी. जपानमध्ये 1970 ते 1986 या काळात तो तयार होत असे. एकावर एक अशी दोन भिंगे. वरच्यातून पाहायचे आणि खालच्यातून फोटो निघायचा. एका रोलवर फक्त बारा फोटो, पण निगेटिव्ह चांगली सव्वादोन इंच चौरस, त्यामुळे फोटो कितीही मोठा करा, चेहरा फुटत नाही. आपल्याच समाजातल्या एका फोटोग्राफरने तो मुंबईहून जुना विकत आणला होता. त्या काळी आपल्या कार्यक्रमाला वर्तमानपत्राचा माणूस फिरकत नसे, हे मात्र न बोलावता हजर. लग्न असो, नामकरण असो, 14 एप्रिलची मिरवणूक असो की विहाराची पायाभरणी. पैसे नसले तर सुगीला घेत. ते गेल्यावर त्यांच्या पत्नीने कॅमेरा आणि निगेटिव्हचे दोन पत्र्याचे डबे मंडळाच्या हवाली केले. "कपाटात ठिवून पूजा करू नगा, वापरा," एवढेच आक्का म्हणाल्या.

पण वापरणार कसा? कोयना आणि केरा या दोन नद्यांच्या संगमावर वसलेले आपले गाव. चार महिने पावसाची झड, कपडे वाळत नाहीत, तिथे भिंगाची काय कथा? भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी चढली होती आणि शटर उघडले की मिटायचे नाव घेत नव्हते. जवळच्या शहरातल्या एका दुकानदाराने तो तीन महिने ठेवून घेतला आणि एक स्क्रू कमी करून जसाच्या तसा परत दिला. वर सल्ला दिला, भंगारात घाला. मंडळाच्या बैठकीत तरुण मुलेही म्हणाली, खिशात मोबाईल असताना हा खटाटोप कशाला? मुलांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. पण मोबाईल फुटला की त्यातले फोटो गेले, हा अनुभवही घरोघरी आहे. आणि आक्कांनी दिलेल्या डब्यांतल्या निगेटिव्ह चाळीस वर्षांनंतरही शाबूत आहेत. अखेर दुरुस्ती करायची असे ठरले.

6 डिसेंबर 2023 रोजी आम्ही नेहमीप्रमाणे चैत्यभूमीला गेलो, तेव्हा कॅमेरा पिशवीत बरोबर घेतला. तिथे अभिवादनाच्या रांगेत उभे असताना नामदेवराव व्हटकरांची आठवण निघाली. नामदेवराव आपल्याच सातारा जिल्ह्यातले, मसूरचे. 7 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली, तेव्हा तिचे चित्रण व्हावे म्हणून त्यांनी स्वतःचा छापखाना गहाण टाकला आणि पैसे उभे केले. त्या दिवशी मुंबईत लोटलेला जनसागर आज आपली नातवंडे पडद्यावर पाहतात, त्यामागे हा गहाण पडलेला छापखाना आहे. हे ऐकून आमच्याबरोबरच्या मुलांनी कॅमेऱ्याची पिशवी आपणहून खांद्यावर घेतली.

दुसऱ्या दिवशी फोर्टात बझार गेटच्या गल्लीत एक वयस्क कारागीर भेटले. त्यांनी कॅमेरा कानाशी धरला, चाप दाबला आणि म्हणाले, "तेल सुकलंय, बाकी जीव आहे." शटरच्या पातळ पात्यांवर जुने तेल गोंदासारखे चिकटते आणि पाती अडकतात, हे त्यांनी आम्हांला समजावून सांगितले. पाती धुऊन काढायची, भिंग सुटे करून बुरशी पुसायची, मागच्या झाकणाचा कुजलेला फोम बदलायचा. बुरशीने काचेवरचा मुलामा एका कडेला खाल्ला होता, तो डाग मात्र राहणार होता. उजेड मोजायचा काटा चालू होणार नव्हता, कारण त्याला लागणारा पाऱ्याचा सेल आता बनत नाही. त्यावर त्यांनी साधा उपाय दिला. शंभर नंबरची फिल्म असेल आणि कडक ऊन असेल, तर छिद्र 16 वर आणि वेग 125 वर ठेवा. सुटे भाग कंपनीकडून मिळत नाहीत. ते मेलेल्या कॅमेऱ्यांतून काढून जपून ठेवावे लागतात. चामड्याच्या पेटीत कॅमेरा कधी ठेवू नका, चामडे ओल धरते, असेही त्यांनी बजावले.

फेब्रुवारी 2024 मध्ये मुंबईत माथाडी काम करणाऱ्या आमच्या एका कार्यकर्त्याने कॅमेरा गावी आणला. दुरुस्तीचे 3,800 रुपये, दोन रोल आणि धुलाईची रसायने यांचे 2,900, असे एकूण 6,700 रुपये झाले. 67 घरांनी शंभर-शंभर रुपये दिले आणि हिशोबाचा कागद विहारात लावला. पूर्वी उटीच्या सरकारी कारखान्यातली 'इंदू' फिल्म मिळायची, तो कारखाना बंद पडला. आता परदेशी रोल घ्यावा लागतो. म्हणून एकेक फोटो विचार करून काढायचा. चोवीस फोटो, तर चोवीस ज्येष्ठ माणसे, असा ठराव झाला.

14 एप्रिल 2024 रोजी सकाळी विहाराच्या पायरीवर खुर्ची मांडली. पहिल्या आजी आल्या, नव्वदीच्या आसपासच्या. म्हणाल्या, "आरं पोरा, आत्ता कशाला फोटू? तोंडात दात न्हाईत." मग पदर सारखा केला, नातीच्या आरशात एकदा पाहिले आणि ताठ बसल्या. चाप दाबल्यावर म्हणाल्या, "मी गेल्यावर ह्योच लावा. त्यो कार्डावरला नगं." त्यांच्या सुनेने डोळ्यांना पदर लावला, पण आजी हसत होत्या आणि दुसऱ्या म्हातारीला खुर्ची मोकळी करून देत होत्या.

वस्तीतल्या दोन मुलांनी आणि एका मुलीने रोल धुण्याचे काम शिकून घेतले आहे. चोवीसच्या चोवीस फोटो निघाले. कडेचा डाग कुठे दिसत नाही.

आता जुन्या निगेटिव्हचे काम हाती घेतले आहे. प्रत्येकीला नंबर, वर्ष, गाव आणि माणसांची नावे अशी वही आम्ही घातली आहे. ओळख पटवणारी माणसे थकत चालली आहेत, म्हणून घाई आहे. वाचक बंधू-भगिनींना विनंती, आपल्या घरातल्या जुन्या फोटोंच्या मागे आजच पेन्सिलीने नावे लिहा. पाटण भागातल्या मंडळींनी रविवारी सकाळच्या वंदनेनंतर थांबावे. डबे उघडलेले असतात आणि कुणाची तरी आई, कुणाचा तरी मामा त्यांत नाव लागायची वाट पाहत असतो. जयभीम.