सडा आणि पडीक

‘पर्यावरण अभ्यास’ हा विषय आमच्याकडे ज्याच्या वाट्याला तास कमी पडतात त्याला दिला जातो. मराठीला विद्यार्थी मोजकेच, म्हणून काही वर्षे तो माझ्याकडे आहे. (विज्ञान शाखेतील सहकाऱ्यांना याचे दुःख झालेले नाही, हेही नोंदवतो.) एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिलेल्या आदेशातून हा विषय सक्तीचा झाला. नागरिकांना जाण नसेल तर कायदे कागदावरच राहतील, असा त्यामागचा रोख होता. आयोगाने त्याचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम केला. आपण त्याच्या व्याख्या, अन्नसाखळीच्या आकृत्या आणि एकमेकांच्या उतरवलेल्या प्रकल्पवह्या केल्या.

दोन वर्षांपूर्वी कोकणातला एक विद्यार्थी गावाशेजारच्या नियोजित खाणीच्या परिणाम-मूल्यांकनाचा मराठी सारांश घेऊन आला. २००६च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते. सारांश तेवढा मराठीत. शेकडो पानांचा मूळ अहवाल इंग्रजीत. पाठ्यपुस्तक मिटून आम्ही तीन तास तो सारांशच वाचला.

पहिल्याच पानावर ‘पडीक जमीन’ असे शब्द होते. “सर, हा आमचा सडा आहे,” तो म्हणाला. मग जांभ्याचा तो सपाट कातळ, पावसाळ्यातली त्यावरची फुले, गुरांचा चारा आणि सड्यात मुरून खालच्या विहिरींना मिळणारे पाणी, हे सारे त्याने वर्गाला सांगितले. अहवालात पऱ्या ‘कोरडा’ होता. मोजमापे पावसाळा वगळून एकाच ऋतूत घेण्याची मुभा असते. ती उन्हाळ्यात घेतलेली होती. पुढे वाक्ये अशी : मोजमाप करण्यात आले, परिणाम लक्षणीय नसल्याचे आढळून आले. कर्मणी प्रयोग मी वीस वर्षे शिकवतो आहे, पण त्यातला लपलेला कर्ता शोधण्याची एवढी निकड वर्गाला कधी वाटली नव्हती. कोणाला आढळले? ज्या सल्लागार संस्थेला, तिला नेमतो प्रकल्पवालाच. आणि लक्षणीय कोणाच्या दृष्टीने, हे एका मुलीने विचारले.

भाषेच्या मास्तराने फार फुशारकी मारू नये. धूलिकणांच्या तक्त्यापाशी मी थांबलो आणि रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांना बोलावून आणले. दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या भावाला त्याच खाणीत काम मिळणार होते. त्याचे म्हणणेही आम्ही पुरे ऐकले. वर्गाचे एकमत झाले नाही आणि ते व्हावे असे मलाही वाटले नाही. मात्र मत द्यायचे तर कागद समजला पाहिजे. २०२०मध्ये याच अधिसूचनेचा नवा मसुदा इंग्रजी-हिंदीत काढून देशभरातून हरकती मागवल्या गेल्या, तेव्हा तो आठव्या परिशिष्टातील भाषांत आणावा, असे दिल्ली उच्च न्यायालयाला ३० जून रोजी सांगावे लागले.

सुनावणीत तो विद्यार्थी दोनच मिनिटे बोलला. शेवटी इतिवृत्त लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावे, असा नियम आहे. बहुतेक मंडळी तोवर जेवायला उठली होती. हा थांबला. आपल्या म्हणण्यात ‘पडीक’ असे लिहिलेले ऐकल्यावर त्याने हात वर केला आणि तिथे ‘सडा’ असा शब्द घालून घेतला.