पहिली पंगत

शाळेची सहल जाहीर झाली की कचेरीत दोन प्रकारचे पालक येतात. पैसे दोन हप्त्यांत भरले तर चालतील का, असे विचारणारे एक. आणि मुलांची सोय नीट होईल ना, असे विचारणारे दुसरे. २०२३ च्या जानेवारीत नववीची सहल एकतानगरला, म्हणजे पूर्वीच्या केवडियाला, सरदार पटेलांचा पुतळा आणि संध्याकाळचा प्रकाशखेळ पाहायला न्यायचे ठरले. तेव्हा दुसऱ्या प्रकारचे एक पालक हातात जाडसे पाकीट घेऊन आले.

"सर, यात एकोणीस मुलांचे जादा पैसे आहेत. आम्ही पालकांनी आपसात गोळा केलेत. एवढ्यांची एक्स्प्रेसची तिकिटे काढा. पोरे रांगेत कशाला ताटकळायची?"

ज्यांनी तो पुतळा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी लोकार्पण झालेला हा पुतळा १८२ मीटर उंच आहे. त्याच्या पोटात लिफ्ट आहेत आणि छातीपाशी, १५३ मीटर उंचीवर, एक सज्जा आहे. तिथून नर्मदा, सरदार सरोवराची भिंत आणि सातपुडा-विंध्याचे डोंगर दिसतात. सज्जात एका वेळी दोनशे माणसे मावतात आणि लिफ्ट एका खेपेला सव्वीसच माणसे नेते. वर पोचायला लागतो जेमतेम अर्धा मिनिट; पण त्या अर्ध्या मिनिटासाठी खाली रांग असते. साध्या तिकिटावर रांगेतून जायचे, किंवा दुपटी-तिपटीने पैसे मोजून एक्स्प्रेसने पुढे जायचे.

मी "बघतो" म्हणालो. मुख्याध्यापकाच्या "बघतो"चा अर्थ त्या गृहस्थांना पुरता ठाऊक होता. ते शिरपूरकडचे. सुरतेत आले ते लूमच्या खात्यात कामगार म्हणून. आज एका डाइंग मिलमध्ये त्यांचा ठेका आहे. ते म्हणाले, "सर, मी काही सचिनचा नबाब नाही. घाम गाळून कमावले आहे. त्यातून पोराचे दोन तास वाचवले, तर कोणाचे काय गेले?"

प्रश्न सरळ होता आणि मला त्याचे उत्तर त्या वेळी देता आले नाही. पाकीट कपाटात ठेवले. तिकिटे काढायला चार दिवस होते. आमच्याकडे गुजरातीत 'उतावळ' म्हणजे नुसती घाई. मराठीत मात्र 'उतावीळ' म्हटले की त्यात दोष आला. दोन्ही भाषांत वावरणाऱ्या माणसाचे असेच होते. समोरच्याची सोय कोणती आणि दोष कोणता, हे चटकन ठरत नाही.

त्या चार दिवसांत मला वारंवार आठवल्या त्या आमच्या गावच्या पंगती. आमचे गाव अमळनेर तालुक्यात. लग्नकार्यात पहिली पंगत बसे ती गावातल्या मानाच्या मंडळींची. कढया भरलेल्या असत, वाढपी आग्रह करत. दुसरी पंगत भावकीची. शेवटची पंगत बायकांची आणि राबणाऱ्यांची. तोवर भात करपलेला आणि वरण पातळ झालेले असे. त्या पंगतीनंतरही काही माणसे मांडवाबाहेर पातेले घेऊन उभी असत. ती कोणत्याच पंगतीत मोजली जात नसत. आईला कधी पहिल्या पंगतीत जेवताना पाहिल्याचे मला आठवत नाही.

१९७८ साली वडील उधन्याला मागावर लागले आणि आम्ही ताप्ती लाइनच्या गाडीने सुरतेला आलो. रेशनच्या दुकानासमोर रॉकेलची रांग लागे आणि डबा घेऊन उभे राहण्याचे काम माझ्याकडे असे. एकदा आमच्या चाळीच्या मालकाचा नोकर आला आणि थेट पुढे घुसू लागला. रांगेतल्या एका ओडिया बाईने त्याला हाताला धरून मागे नेले. कोणी काही बोलले नाही. तो मुकाट्याने माझ्या मागे उभा राहिला. नऊ वर्षांच्या पोराला समानता हा शब्द ठाऊक नव्हता. पण मालकाचा डबा आपल्या डब्यामागे आहे, एवढे चांगले कळत होते.

रांग ही आपल्याकडे आपोआप आलेली गोष्ट नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवणारे साने गुरुजी आम्हा खानदेशी शिक्षकांचे दैवत. पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार अस्पृश्यांना उघडावे म्हणून त्यांनी १९४७ च्या मे महिन्यात दहा दिवस उपोषण केले. दर्शनबारीत आपण मागे उभे की पुढे, हा प्रश्न नंतरचा. ज्यांना बारीतच उभे राहता येत नव्हते त्यांच्यासाठी एका शिक्षकाने प्राण पणाला लावले होते. तेव्हा रांगेत शेवटी उभे राहायला मिळणे, हाही कोणाच्या तरी लढ्याने मिळालेला हक्क आहे.

पण दुसरी बाजूही मनात येत होतीच. नाटकाला पुढच्या खुर्च्यांचे तिकीट जास्त असते, त्याला आपण कधी हरकत घेतली? रेल्वेने १९९७ मध्ये तत्काळची सोय सुरू केली. घरच्या आजारपणात जादा पैसे भरून मीही त्या तिकिटावर भुसावळ गाठले आहे. मग पुतळ्याच्या लिफ्टपाशीच हे तत्त्वज्ञान कशाला? विचार करता करता एक फरक लक्षात आला. नाटकाची तिसरी घंटा पहिल्या रांगेसाठी आणि बाल्कनीसाठी एकदाच वाजते. पुढच्या खुर्चीवाल्याने जास्त पैसे दिले म्हणून माझे नाटक उशिरा सुरू होत नाही. रांगेचे तसे नाही. लिफ्टमध्ये सव्वीस जागा. त्यात एकोणीस जण बाजूने आले की रांगेत आधीपासून उभ्या असलेल्या एकोणिसांची खेप हुकते. कोणाचे काय गेले, याचे उत्तर हे होते. विकत घेतलेला वेळ आकाशातून पडत नाही, तो मागच्या माणसाच्या खिशातून काढलेला असतो.

अमेरिकेत असलेल्या भाचीला फोनवर हे सांगितले तेव्हा ती हसली. तिथल्या डिस्नेच्या उद्यानांत १९९९ पासून 'फास्टपास' नावाची सोय होती. चिठ्ठी घ्यायची, दिलेल्या वेळी यायचे, तोवर दुसरे काही पाहायचे. आणि ती कोणालाही फुकट मिळे. २०२१ मध्ये ती गेली आणि तिच्या जागी पैसे मोजून पुढे जाण्याची पद्धत आली. आपल्याकडे खोपोलीजवळच्या इमॅजिकातही एक्स्प्रेसची तिकिटे आहेतच. म्हणजे पहिली पंगत गावातून उठली ती थेट उद्यानांत जाऊन बसली म्हणायची. फरक एवढाच की आता मान जातीचा नाही, खिशाचा आहे.

हे सारे शिक्षकांच्या खोलीत मी जरा रंगवून सांगत होतो. चहा ठेवता ठेवता आमचे शिपाईमामा सहज म्हणाले, "पण सर, दोन वर्षांखाली तुम्ही देवाला गेलात तेव्हा पास काढला होता ना?"

काढला होता. एका मोठ्या देवस्थानात, ओळखीने. आईचे गुडघे गेलेले, तिला चार तास उभे राहणे शक्यच नव्हते. तिच्यासाठी पास घेण्यात काही गैर होते असे मला आजही वाटत नाही. पण आत गेलो ते सहा जण. आईच्या गुडघ्यांच्या आडून पाच धडधाकट माणसे रांग चुकवून देवापुढे उभी राहिली आणि त्यात नागरिकशास्त्र शिकवणारा मी होतो. परतताना जाळीपलीकडे एक बाई कडेवर मूल घेऊन उभी दिसली होती. मी नजर दुसरीकडे वळवली होती.

मामांच्या त्या वाक्याने माझा निकाल लागला. गरजेने पुढे जाणे वेगळे आणि ऐपतीने पुढे जाणे वेगळे. पहिल्याला वाट करून द्यायची ती रांगेनेच. दुसऱ्याला रांगेची परवानगी लागत नाही, दोष आहे तो तिथे. मी पाकीट परत केले आणि चौसष्टही मुलांची साधी तिकिटे काढली.

सहलीच्या दिवशी अंकलेश्वरच्या पुढे बसचे चाक पंक्चर झाले. जादा चाकातही हवा नव्हती. दोन तास रस्त्यावर गेले. पोचलो तेव्हा दुपार कलली होती आणि पुतळ्याच्या पायथ्याशी रांग वळणे घेत गेलेली. मुलांना मी प्रार्थनेच्या वेळी करतो तसे उंचीप्रमाणे उभे केले, बुटकी पुढे आणि उंच मागे. वर्गातला एक मुलगा पायाने अधू होता. त्याला पाहून तिथल्या सेवकाने आपणहून दोरी बाजूला केली आणि सोबतीला एका मित्राला घेऊन जायला सांगितले. रांगेतल्या लोकांनी सरकून वाट दिली. एक म्हातारबाबा तर "जा बेटा, जा" म्हणाले. मला हवे होते ते उत्तर तिथे मिळाले, असे क्षणभर वाटले.

पण समाधान फार टिकले नाही. रांग हळूहळू सरकत होती आणि वेळ संपत आली होती. शेवटच्या खेपा गेल्या तेव्हा आमची त्रेचाळीस मुले वर जाऊन आली होती आणि एकवीस खालीच राहिली होती. ही सगळी उंच पोरे. पाकीट आणणाऱ्या गृहस्थांचा मुलगा त्यांत होता. आणि सहलीचे पैसे तीन हप्त्यांत भरणारी, मागावरच्या कामगाराची मुलगीही होती. ती काही बोलली नाही. नुसती लिफ्टच्या बंद दाराकडे पाहत राहिली.

अंधार पडल्यावर प्रकाशखेळ सुरू झाला. सरदारांचे चरित्र, स्वातंत्र्यलढा, संस्थानांचे विलीनीकरण, असे सारे प्रकाशाने त्या पुतळ्यावरच उमटत जाते. पडदाच एवढा प्रचंड की पुढची जागा आणि मागची जागा यांत फरक राहत नाही. संस्थानांचा विषय निघाला तेव्हा मी मुलांना हळूच सांगितले की आपले सचिनही त्यांतलेच. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्याचे, १७९१ साली स्थापन झालेले आणि १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झालेले. आणि हा पुतळा घडवणारे शिल्पकार राम सुतार धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे, १९२५ सालचा जन्म. त्यावर मागून एक आवाज आला, "सर, म्हणजे आपला धुयाना माणूस शे का हाऊ?" सारी हसली. खाली राहिलेली एकवीसही हसली. पण त्या हसण्याने हिशेब मिटला असे मी म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी त्या पालकांचा फोन आला. चिडलेले नव्हते, म्हणूनच जास्त लागले. "सर, तत्त्व तुमचे होते, पण त्याचे पैसे माझ्या पोराने भरले."

बरोबर होते ते. पंक्चर हा दैवाचा भाग. पण जादा चाक न तपासता, दुपारचे तिकीट काढून आणि पहाटेऐवजी सातला निघून मी मुलांची वेळ आधीच उधळली होती. रांगेचा आग्रह धरणाऱ्याने सर्वांआधी पोचायची तयारी ठेवावी, हे मला सुचायला हवे होते. निर्णय मी घेतला आणि त्याची झळ एकवीस मुलांना बसली. त्यांना पुन्हा आणीन, असे मी त्या फोनवर कबूल केले.

दहावीची परीक्षा संपल्यावर, २०२४ च्या एप्रिलमध्ये, आम्ही पहाटे चारला निघालो. बसची चाके मी स्वतः पाहिली. तिकिटे साधीच. एकवीसपैकी तेरा आली. त्या गृहस्थांचा मुलगा आला होता. सकाळची वेळ, रांग छोटी. ऊन चढायच्या आत सगळी वर जाऊन आली. बाकी आठ सुट्टीत कामाला लागली होती, कोणी एम्ब्रॉयडरीच्या खात्यात, कोणी साडी-पॅकिंगला. एका दिवसाचा रोज बुडवणे त्यांना परवडणारे नव्हते. ती मुलगीही त्या आठांत होती.

तिकिटांबाबतचा निर्णय चुकला असे मला आजही वाटत नाही. यंदाच्या नववीलाही मी साधीच तिकिटे काढणार आहे. पण कपाटात जिथे ते पाकीट ठेवले होते, तिथे आता त्या आठ नावांची यादी आहे. पहिली पंगत मोडली खरी. शेवटच्या पंगतीतली आठ पाने अजून वाढायची राहिली आहेत.