अधिक महिन्याचा हिशेब

आमच्या सांगलीच्या घरात लिहिणारी माणसं दोन. वडील बँकेत होते, ते खतावण्या लिहायचे. आई कॅलेंडरवर लिहायची. वडिलांचं लिहिणं ऑडिटर तपासायचे. आईचं तपासायला कोणी येत नसे, तरी दूधवाल्यापासून वाण्यापर्यंत सगळे तिचाच आकडा खरा मानायचे.

जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ‘कालनिर्णय’ काढलं आणि मुहूर्त विचारायला गुरुजींकडे जाणारं मराठी घर आपल्याच भिंतीकडे बघू लागलं. आमच्याकडे ते स्वयंपाकघराच्या दाराशेजारी खिळ्याला असे. संकष्टीचा चंद्रोदय आजीसाठी, मागच्या पानावरच्या पाककृती काकूसाठी, सुट्ट्यांचे लाल आकडे आम्हा मुलांसाठी. आईला हवे असत ते चौकोन. दुधाच्या खाड्याला फुली, जादा अर्ध्या लिटरला अधिकची खूण, सिलिंडर लावल्याची तारीख, भिशी, विम्याचा हप्ता आणि एका कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘पावडर नवी’. कपडे धुण्याच्या पावडरचा पुडा फोडला की ती तारीख टाकायची. वर्ष संपलं की कॅलेंडरची गुंडाळी माळ्यावर. कशाला ठेवतेस, असं विचारलं तर म्हणायची, “असू दे गं. मागच्या वर्षी काय केलं होतं ते कळतं.”

पुण्यात एमबीए करून मी मुंबईतल्या एका कंपनीत लागले. साबण, पावडर, शाम्पू विकणारी कंपनी. मार्केटिंगला जायचं असलं तरी आधी विक्री शिकायची, हा या धंद्याचा रिवाज. त्यामुळे पहिलं वर्ष फिरतीचं, लातूर-उदगीर-नांदेडच्या पट्ट्यात. एकाच बाजारात तीन कॅलेंडरं चालतात, हे मला तिथे कळलं. कंपनीचं कॅलेंडर महिनाअखेरीला धावतं. शेवटच्या तारखेच्या रात्रीपर्यंत स्टॉकिस्टच्या गोदामात माल ढकलला की टार्गेट पूर्ण. दुकानदाराचं कॅलेंडर पगारावर चालतं. नोकरदारांच्या याद्या पहिल्या आठवड्यात येतात, मग सुटी गिऱ्हाइकी. आणि रोजंदारीवरच्या बाईचं कॅलेंडर एका दिवसाचं, फार तर आठवडी बाजारापर्यंतचं. तिच्या हातात अख्ख्या बाटलीचे पैसे एकदम येतच नाहीत. तामिळनाडूतल्या चिन्नी कृष्णन यांनी शाम्पू पाऊचमध्ये भरला तो अशा गिऱ्हाइकासाठी. त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी १९८३ साली ‘चिक’ शाम्पू काढला आणि तोच धडा पुढे नेला. वर्गात आम्ही हे प्रकरण ‘पॅकेजिंग’ या मथळ्याखाली शिकलो होतो. उदगीरच्या दुकानात छतापासून लोंबणाऱ्या पाऊचच्या माळांखाली उभी राहिले तेव्हा वाटलं, यात वेष्टनापेक्षा तारखेची जाण जास्त आहे.

“मॅडम, तीस तारखेला माल देऊन मी काय करू? गिऱ्हाईक सात तारखेला येतंय,” असं तिथल्या एका दुकानदाराने मला ऐकवलं होतं. त्याच्या गल्ल्यामागे शिवकाशीत छापलेल्या, त्याच्या दुकानाचं नाव घातलेल्या कॅलेंडरांचा गठ्ठा होता. नेमाच्या गिऱ्हाइकांना तो ती फुकट वाटायचा. वर्षभर रोज डोळ्यांसमोर राहणारी इतकी स्वस्त जाहिरात आमच्या एजन्सीनेही कधी सुचवली नव्हती.

पुढे मुंबईत ब्रँडचं काम मिळालं, तेही धुण्याच्या पावडरचं. या व्यवसायात ज्यांची नावं आदराने घेतली जातात त्यांत जाहिरातकार अलीक पदमसी येतात. निरमाच्या स्वस्ताईपुढे सर्फ टिकवायचा, तर दिव्यांनी झगमगणारी नटी उपयोगाची नाही, भाव आणि मोल यांतला फरक जाणणारी गृहिणीच हवी, हे ओळखून त्यांच्या लिंटास या जाहिरातसंस्थेने ललिताजी उभी केली. म्हणजे आमचा सगळा व्यवसाय घरातल्या बाईच्या हिशेबावर उभा. तो समजून घ्यायला आम्ही घरभेटी करायचो. सोबत संशोधन कंपनीची माणसं, हातात प्रश्नावली. “एक पुडा किती दिवस जातो?” असं विचारलं की बाया अंदाजाने काहीतरी सांगत. एका सुट्टीत मी माळ्यावरच्या गुंडाळ्या काढून ‘पावडर नवी’च्या तारखा उतरवून घेतल्या. पावसाळ्यात पुडा लवकर संपत होता, परीक्षांच्या दिवसांत पुरत होता, पाहुण्यांच्या मे महिन्यात एकाचे दोन होत होते. आई म्हणाली, “एवढ्यासाठी तुमची कंपनी लोकांना पैसे देते?”

कॅलेंडराची खरी खोच मात्र विक्रीच्या तक्त्यांनी दाखवली. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं, सौरवर्ष ३६५ दिवसांचं. दरवर्षी अकराएक दिवसांची तूट साठत जाते आणि सुमारे बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अधिक महिना घालून ती भरून काढली जाते. तो आला की त्यानंतरचे सण पुढे सरकतात. २०१७ मध्ये लक्ष्मीपूजन १९ ऑक्टोबरला होतं. २०१८ मध्ये अधिक ज्येष्ठ आला आणि ते ७ नोव्हेंबरवर गेलं. ज्याला हे ठाऊक नाही, त्याला २०१८ च्या ऑक्टोबरची विक्री कोसळलेली दिसेल. ज्याला ठाऊक आहे तो शांतपणे म्हणतो, दिवाळी पुढे गेलीय, बेस अ‍ॅडजस्ट करा.

त्याच अधिक ज्येष्ठात माझी मुलगी जन्मली.

कायदा माझ्या बाजूने होता. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली. पहिल्या दोन मुलांसाठीची पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली, पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा स्तनपानासाठी सुट्टी, हे कलम तर आधीपासूनचं. आमचं ऑफिस लोअर परळला, गिरणीच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत. या रजेची मुळं त्याच परिसरात आहेत. मुंबई इलाख्याचा प्रसूती लाभ कायदा १९२९ सालचा, कारखान्यांत राबणाऱ्या बायांसाठीचा. त्याचं विधेयक १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात आलं तेव्हा डॉ. आंबेडकरांनी पाठिंबा देताना सांगितलं होतं की आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा. आजही आमच्यासारख्या ठिकाणी रजेचा पगार मालकाच्याच खिशातून जातो. मुलाखतीला आलेल्या नवविवाहितेकडे पाहून काही कपाळांवर आठी का पडते, याचं अर्धं उत्तर तिथे आहे.

रजेत माझंही कॅलेंडर भरू लागलं. लसींच्या तारखा, वजनं, ताप. नोव्हेंबर जवळ आला तशी फ्रीजरमध्ये साठवलेल्या दुधाची नोंद. आईच्या चौकोनांत गवळ्याचं दूध होतं, माझ्या चौकोनांत माझं. भाऊबीज शुक्रवारी झाली आणि सोमवारी, १२ नोव्हेंबरला, मी रुजू झाले. दिवाळीची मोहीम संपली होती. माझा ब्रँड एका सहकाऱ्याकडे गेला होता आणि त्याच्याकडेच राहणार होता. मला ‘विशेष प्रकल्प’ मिळाले. “सुरुवातीला हलकंच घे,” असं साहेब म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले, म्हणूनच भांडताही येईना. दूध काढायला मी मीटिंगच्या छोट्या खोलीत जायची. तिचंही बुकिंग लागायचं, आणि कॅलेंडरवर त्या अर्ध्या तासाला काय नाव द्यावं हे कळत नसे. ‘व्हेंडर कॉल’ लिहायची.

सगळ्यांत जास्त टोचलं ते एक वाक्य: “सहा महिने मार्केटपासून लांब होतीस ना.” लांब? दिवसाला डझनभर लंगोट आणि दुपटी धुऊन कुठली पावडर कापडात उरते आणि कुठली निघून जाते, हे मी बोटांनी शिकले होते. टीव्हीवरच्या डॉक्टरच्या पांढऱ्या कोटापेक्षा मालिशवाल्या बाईचा एक शब्द किती दुकानं फिरवतो, हे पाहिलं होतं. रात्री तीन वाजता जाग्या असलेल्या आया एकमेकींना कुठल्या वस्तूंची नावं पाठवतात, ते मला माहीत होतं. ज्या घरात शिरायला कंपनी एजन्सीला पैसे मोजते, त्या घरात मी चोवीस तास होते.

मार्चअखेरीला मूल्यमापन झालं. ऑक्टोबरचा आकडा आधीच्या वर्षापेक्षा कमी होता. तक्त्याखाली टीप होती, दिवाळीचा बदल धरून वाचावा. मग माझी पाळी आली. गुण मध्यम. कारण स्पष्ट होतं: अर्धं वर्ष तू नव्हतीस. एका अधिक ज्येष्ठाने दोन आकडे खाली आणले होते. एकाला टीप मिळाली, दुसऱ्याला मिळाली नाही.

अधिक महिन्याची कथा आजी सांगायची. मलमास म्हणून त्याला कोणी जवळ करीना, त्याच्यात लग्न नाही, मुंज नाही, कुठलाच देव त्याचा स्वामी व्हायला तयार नाही. शेवटी विष्णूने त्याला आपलं नाव दिलं आणि तो पुरुषोत्तम मास झाला. प्रसूतीची रजा हा नोकरीतला असा बिनधन्याचा महिना आहे. पंचांगकर्त्यांना मात्र फार पूर्वीच कळलं होतं की अधिक महिना घातला नाही तर काही वर्षांत दिवाळी पावसाळ्यात येईल. जादा महिना वर्ष बिघडवत नाही, ते ताळ्यावर आणतो. कंपन्यांना हे सणांच्या बाबतीत पटतं, बाईच्या बाबतीत पटायचं आहे.

काही वर्षांनी मला पुन्हा ब्रँड मिळाला, मग विभाग. आता गुण देणाऱ्यांत मीही असते. रजेवर जाणाऱ्या मुलीचा ब्रँड कोणाकडे जाणार आणि कोणत्या तारखेला तिच्याकडे परत येणार, हे आधी लिहून घेते, आणि गुण जेवढे महिने काम झालं तेवढ्यांवरच देते. याला औदार्य म्हणणाऱ्यांना मी सांगते, हा निव्वळ बरोबर हिशेब आहे.

२०२६ मध्ये पुन्हा अधिक ज्येष्ठ आहे, १७ मेपासून १५ जूनपर्यंत. दिवाळीचं लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरवरून ८ नोव्हेंबरवर जाणार. आमच्या वार्षिक आराखड्यात त्याची टीप केव्हाच पडली: ऑक्टोबरची तुलना २०२५ शी करू नये. तिच्याखाली मी दुसरी टीप घातली. त्याच उन्हाळ्यात रजेवर जाणाऱ्या आमच्या सहकारी मुलीच्या वर्षाचीही तुलना करू नये. बैठकीत पहिल्या टिपेवर कोणी काही बोललं नाही. दुसरीवर हात वर झाला, “पण हिला वेगळा नियम का?” मी म्हटलं, “वेगळा कुठे? वरचाच आहे.”