अख्तरीबाई, नटी

लखनौच्या चारबाग स्थानकाचे घुमट लांबून एखाद्या महालाचे वाटतात. या इमारतीची पायाभरणी १९१४ची, आणि त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला फैजाबादेत अख्तरीबाई, म्हणजे पुढच्या गझलगायिका बेगम अख्तर, जन्मल्या. लखनौला मी गेले ती त्यांच्या कबरीसाठी. ठाकूरगंजच्या पसंदबागेत आई मुश्तरीबाईंच्या शेजारी त्यांची कबर आहे. तिथं मनात गझल यायला हवी होती. आला तो त्यांचा पडद्यावरचा चेहरा.

बेगम अख्तर आपल्याला कानांनीच ठाऊक. पण त्याआधी अख्तरीबाई फैजाबादी कलकत्त्याच्या रंगभूमीवर उभ्या राहिल्या होत्या, १९३३च्या 'एक दिन का बादशाह'मधून पडद्यावरही आल्या होत्या. घरंदाज बाईनं तोंडाला रंग लावायचा नाही, असा तो काळ. फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'मधल्या तारामतीसाठी अण्णा साळुंके हा पुरुष नटच उभा करावा लागला होता. मग पडद्यावर यायच्या त्या बहुतेक गाणारणींच्या मुली, आणि आल्या की त्यांच्या जन्माचा हिशेब आधी मांडला जायचा.

अमेरिकेत हाच हिशेब वर्णाचा होता. इव्हलिन प्रीअर या कृष्णवर्णीय नटी रंगभूमी गाजवत होत्या. ऑस्कर मिशॉ या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाच्या 'द होमस्टेडर'मध्ये (१९१९) त्या नायिका झाल्या. १९३२मध्ये, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी त्या गेल्या. त्या चित्रपटाची प्रतही आज उरलेली नाही. दोघींचं दुःख एक नव्हे, पण दोघींमधली नटी विसरणं जगाला सारखंच सोपं गेलं.

अख्तरीबाईंनी १९४५मध्ये बॅरिस्टर इश्तियाक अहमद अब्बासींशी लग्न केलं. घराण्याची अब्रू मिळाली, गाणं थांबलं. त्या खंगत गेल्या. १९४९मध्ये लखनौ रेडिओवर पुन्हा गायल्या, तेव्हा कुठं सावरल्या. पुढं आपल्या भातखंड्यांनी लखनौत उभ्या केलेल्या संगीत विद्यालयात त्यांनी शिकवलंही. गाणं असं सन्मानानं परतलं; अभिनय नाही. सत्यजित राय यांनी 'जलसाघर'मध्ये (१९५८) त्यांना पडद्यावर आणलं, पण जमीनदाराच्या मैफलीत गाणारी बाई म्हणूनच. या नुकसानाबद्दल कुणी हळहळत नाही, हे मला फार लागतं.

मेहबूब खान यांचा 'रोटी' (१९४२) मात्र आजही पाहता येतो. अख्तरीबाईंची काही गाणी त्यातून गाळली गेली. तरी गझलेच्या रसिकांनी तो जरूर पाहावा, चंद्रमोहनसारख्या भेदक डोळ्यांच्या नटासमोर उभ्या असलेल्या अख्तरीबाईंसाठी.