इकोची शिकवणी

बारावी वाणिज्यच्या विद्यार्थ्यासाठी अर्थशास्त्राची खासगी शिकवणी शोधण्याची वेळ साधारणपणे पहिल्या घटक चाचणीनंतर येते. तोपर्यंत घरात बोलणे चालते ते अकाउंट्सचे. बीकेचा म्हणजे बुक-कीपिंगचा क्लास दहावीच्या सुट्टीतच ठरून गेलेला असतो आणि ओसी (वाणिज्य संघटन), एसपी (चिटणिसाची कार्यपद्धती), इको हे विषय त्याच पॅकेजात जवळजवळ फुकट येतात. इको शिकवणारे सर बहुधा एसपीचेच सर असतात. ‘इकोला काय लागतं, पाठ केलं की झालं’ हे वाक्य वाणिज्य शाखेत जितक्या सहज उच्चारले जाते, तितक्याच सहज खोटे ठरते. चाचणीत 25 पैकी 9 गुण पडले की विद्यार्थी म्हणतो, ‘पाठ तर सगळं होतं.’ आणि तो खरेच बोलत असतो.

राज्य मंडळाची बारावीची लेखी परीक्षा 80 गुणांची, उरलेले 20 अंतर्गत मूल्यमापनाचे. सुरुवातीचे 20 गुणांचे वस्तुनिष्ठ प्रश्न आणि शेवटची 16 गुणांची सविस्तर उत्तरे पाठांतरावर बऱ्यापैकी निभावतात. घात होतो तो मधल्या भागात. संकल्पना ओळखून स्पष्ट करायची असते, तक्ता किंवा आकृती वाचायची असते आणि दिलेल्या विधानाशी सहमत की असहमत ते कारणांसह सांगायचे असते. मागणीचा नियम घोकलेला असतो. पण ‘या नियमाला अपवाद नाहीत’ अशा विधानाशी असहमत व्हायचे, तर आधी कोणीतरी वाद घालायला शिकवलेले असावे लागते.

पुण्यातल्या एका शिकवणीत पहिल्याच दिवशी एका मुलीने मागणी वक्राची आकृती काढली होती. अक्ष पट्टीने आखलेले, नावे जागच्या जागी, वक्र डावीकडून उजवीकडे उतरता. तो खाली का उतरतो, असे विचारल्यावर ती शांतपणे म्हणाली, ‘तो तसाच असतो.’ दोन वर्षांच्या फीची पावती फाडून मिळालेले हे उत्तर. त्यात दोष मुलीचा नव्हता.

शिक्षक शोधण्यापूर्वी मंडळ कोणते ते पाहावे लागते, कारण इकडचा मुरलेला शिक्षक तिकडे चाचपडू शकतो. राज्य मंडळाच्या बारावीत उपयोगिता, मागणी, लवचिकता, पुरवठा आणि बाजाराचे प्रकार यांच्यापाठोपाठ निर्देशांक, राष्ट्रीय उत्पन्न, सार्वजनिक वित्त, नाणे बाजार आणि विदेशी व्यापार येतो. म्हणजे सूक्ष्म आणि स्थूल दोन्ही एकाच वर्षात. सीबीएसईत सूक्ष्म अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र अकरावीत संपते. बारावीला स्थूल अर्थशास्त्र आणि भारताचा आर्थिक विकास. आयबीच्या मुलांना बातम्यांवर प्रत्येकी जास्तीत जास्त 800 शब्दांची तीन भाष्ये लिहावी लागतात. तिथे नोट्स लिहून देणाऱ्याचा काही उपयोग नाही. राज्य मंडळाच्या अकरावीत विभाजन मूल्ये हे प्रकरण आहे. गणित सुटले म्हणून वाणिज्यला आलेली मुले चतुर्थक, दशमक आणि शततमकांपाशी अडतात, आणि पॅकेजवाले सर हे प्रकरण ‘ऑप्शनला टाका’ म्हणून मोकळे होतात.

शोध सुरू होतो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. उत्तरात तीन-चार नंबर येतात, सगळे अकाउंट्सवाल्यांचे, ‘इको पण घेतात’ अशा पुस्तीसह. चौकातल्या फलकांवर गुणवंतांचे फोटो असतात; त्यांतले किती गुण क्लासने मिळवून दिले आणि किती त्या मुलांनी घरूनच आणले होते, हे फलक सांगत नाही. विकणाऱ्याला मालाची प्रत ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजाराचे काय होते, हे जॉर्ज अकरलॉफने 1970 साली जुन्या मोटारींच्या उदाहरणावरून मांडले आणि 2001 मध्ये त्याला नोबेल मिळाले. शिकवणीचा बाजार मोटारींपेक्षा अवघड आहे. मोटार निदान फिरवून बघता येते. शिक्षकाची प्रत निकालाच्या दिवशी कळते, आणि तेव्हाही खात्रीने नाही.

फिरवून बघण्याची जी काही सोय आहे ती डेमो लेक्चरची. त्यात पालक अक्षर, इंग्रजी आणि फी बघतात. बघायला हवे वेगळेच. गणितात स्वतंत्र चल आडव्या अक्षावर घेतात. मग किंमत बदलल्याने मागणी बदलते असे म्हणत अर्थशास्त्रात किंमत उभ्या अक्षावर का? ही रीत आल्फ्रेड मार्शलच्या 1890 च्या ग्रंथामुळे रूढ झाली. हे शिक्षकाला माहीत असलेच पाहिजे असे नाही. ‘बघून उद्या सांगतो’ म्हणणारा ठेवून घ्यावा. ‘ती तशीच असते’ म्हणणारे आधीच्या क्लासमध्ये भेटलेले असतात.

जेम्स मिलने आपल्या मुलाला, म्हणजे जॉन स्टुअर्ट मिलला, 1819 मध्ये तेराव्या वर्षी अर्थशास्त्र शिकवले ते फिरायला जाताना. बापाने चालता चालता सांगायचे, मुलाने ते लिहून दुसऱ्या दिवशी दाखवायचे आणि नेमके होईपर्यंत पुन्हा पुन्हा लिहायचे. बापाने पुढे त्याच टिपणांच्या आधारे पुस्तक केले. इतका जाच कोणी करू नये. पण विद्यार्थ्याने आपल्या शब्दांत लिहायचे आणि शिक्षकाने ते तपासायचे, एवढे तरी व्हावे. बहुतेक शिकवण्यांत उलट चालते. सर सांगतात, मूल उतरवून घेते.

खासगी शिकवणी करणाऱ्यांत सर्वांत नामांकित अर्थातच ॲडम स्मिथ. 1764 मध्ये ग्लासगोची प्राध्यापकी सत्र संपण्याआधीच सोडून तो बकल्यूच्या तरुण ड्यूकचा शिक्षक झाला. वर्षाला 300 पौंड आणि पुढे तहहयात तेवढेच निवृत्तिवेतन. विद्यार्थ्यांची फी परत करायला तो निघाला, तेव्हा मुले घेईनात आणि त्याने ती बळेच त्यांच्या खिशात कोंबली, असे सांगतात. सत्राच्या मध्ये सोडून जाणाऱ्या मुलाच्या पालकांनी उरलेली फी मागून बघावी, म्हणजे या गोष्टीचे मोल कळते. केंद्राच्या जानेवारी 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत उरलेली फी दहा दिवसांत परत करावी असे म्हटले आहे. पण त्या सूचना 50 हून अधिक विद्यार्थी असलेल्या केंद्रांसाठी. घरी येणाऱ्या सरांशी व्यवहार तोंडीच राहतो.

तोंडी व्यवहारात नाडले जातात ते बहुधा पालक नव्हे, सर. इकोची शिकवणी घेणारी माणसे कोण, हे फारसे कोणी विचारत नाही. एम. ए. झालेली, नेट किंवा सेट काढलेली, कॉलेजात सीएचबीवर म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवणारी ही माणसे. तास झाला तर पैसे, सुट्टीत काही नाही, पुढच्या वर्षी नेमणूक मिळेल याची शाश्वती नाही. संध्याकाळी हीच माणसे अकरावीच्या मुलाला बेरोजगारीचे प्रकरण शिकवतात. सुशिक्षित बेरोजगारीचे उदाहरण द्या, असा प्रश्न मुलाने विचारला तर सर पुस्तकातले देतात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबियात अर्थशास्त्र शिकून आले, बडोद्याची नोकरी सोडावी लागली आणि मुंबईत त्यांना शिकवण्या कराव्या लागल्या. गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसायही त्यांनी सुरू केला; जात कळताच अशिलांनी पाठ फिरवली. 1918 मध्ये सिडनहॅम कॉलेजात त्यांची अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. तिथल्या पगारातून शिल्लक टाकून ते 1920 मध्ये लंडनला अभ्यास पुरा करायला गेले. ज्यांच्या घरी ते त्याआधी शिकवायला जात, त्या घरांत फी वेळेवर मिळत असेल का, हा प्रश्न कोणत्याही चरित्रापेक्षा पालकांनी स्वतःला विचारण्याजोगा आहे.

म्हणून फी ठरवताना तासावर नव्हे, महिन्यावर ठरवावी आणि महिन्याच्या सुरुवातीला द्यावी. दिवाळीचे दिवस कापू नयेत. मुलाच्या सराव परीक्षेमुळे तास बुडाला तर तो सरांच्या खात्यावर टाकू नये. बारावीची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते आणि अर्थशास्त्राचा पेपर झाला की शिकवणी संपते. त्या महिन्याची फी मात्र पूर्ण द्यावी. अकाउंट्सच्या क्लासला ती जूनमध्येच भरलेली असते, तीही वर्षाची.